संकेतार्थाचा लोप : मोटारींना मागाहून जोडावयाच्या टर्बोचार्जरांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

१

तंत्रविषयक गद्य हे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. कोशकार त्यातील संज्ञा टिपून घेतो, भाषांतरकार त्या संज्ञांना प्रतिशब्द शोधतो. परंतु त्या गद्यातील विधानांची रचना, त्यांतील अध्याहृत पदे आणि त्यांच्या बळावर वाचकाकडून मागितला जाणारा विश्वास यांची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ज्या गद्यावर विसंबून माणूस पैसा खर्च करितो, चालते इंजिन उघडतो आणि मग त्याच गाडीत कुटुंबाला बसवून प्रवासास निघतो, त्या गद्याची परीक्षा कवितेच्या परीक्षेइतकीच काटेकोर असावयास हवी.

अशा परीक्षेस योग्य असा एक लेखनप्रकार म्हणजे नित्याच्या वापरातील मोटारींना मागाहून टर्बोचार्जर जोडण्याविषयीचे लेखन होय. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला. ह्यू मॅकइनेस यांचे 'टर्बोचार्जर्स' (१९७६) आणि कॉर्की बेल यांचे 'मॅक्झिमम बूस्ट' (१९९७) ही त्यातील दोन प्रसिद्ध हस्तपुस्तके. त्यांच्याभोवती मोटारविषयक मासिकांतील चाचणी-लेख, किटबरोबर येणाऱ्या पुस्तिका आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके यांचा मोठा पसारा आहे. हस्तपुस्तके गंभीर आहेत. आकडेमोड कशी करावी हे ती वाचकास शिकवितात. पसाऱ्यातील लेखन मात्र त्यांच्यापासून निष्कर्ष उचलते आणि आकडेमोड मागे ठेविते. येथील आक्षेप या दुसऱ्या प्रकारच्या लेखनावर आहे. त्याचे मध्यवर्ती विधान थोडक्यात असे : अमुक इंजिनाला अमुक इतका जादा दाब दिला तरी त्याची विश्वसनीयता कायम राहते. हे विधान खरे की खोटे हा प्रश्न नंतरचा. ते पूर्ण आहे काय, हा प्रश्न आधीचा.

२

टर्बोचार्जराचे कार्य सांगण्यास सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटते. हवा अधिक गेली म्हणजे इंधन अधिक जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे एकस्व १९०५ मध्ये घेतले.

परंतु दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. प्रचलित लेखनातील पहिला लोप येथेच घडतो. वातावरणाचा दाब चौरस इंचास १४.७ पौंड धरला आणि त्यावर ७ पौंड जादा दाब दिला, तर दाब जवळजवळ दीडपट होतो. यावरून वाचक समजतो की हवाही दीडपट जाईल. गणित वेगळे सांगते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस आणि दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर दाबलेल्या हवेचे तापमान सुमारे ७७ अंशांवर जाते. तिची घनता वाढते ती सुमारे २६ टक्क्यांनी. दाबलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारा इंटरकूलर बसविला आणि तोही ७० टक्के प्रभावी मानला, तर वाढ ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे 'सात पौंड' या एकाच शब्दप्रयोगामागे दोन अगदी भिन्न यंत्रे उभी असतात. हाच प्रयोग विदर्भातील उन्हाळ्यात, बाहेरची हवा ४५ अंश असता केला, तर इंटरकूलरविना तापमान शंभर अंशांच्या जवळ जाते. एका थंड मुलुखात खरे ठरलेले वाक्य दुसऱ्या मुलुखात तसेच उच्चारता येत नाही.

उष्णतेचा प्रश्न केवळ शक्तीचा नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगीने पेटलेली ज्वाला पसरत असता, तिच्या पुढचे न जळलेले मिश्रण अतिदाबाने व अतिउष्णतेने आपोआप भडकले, म्हणजे नॉकिंग होते. टर्बो जोडलेल्या पेट्रोल इंजिनाचा हा मुख्य शत्रू होय. तीव्र नॉकिंगने पिस्टनवरील रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जाते, बेअरिंगांवर आघात होतात. त्यावर उपाय ठाऊक आहेत : संपीडन-गुणोत्तर कमी करणे, ठिणगी उशिरा पाडणे, मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढविणे, हवा थंड करणे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे. यांपैकी प्रत्येक उपाय ही एक अट आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

३

न्यायशास्त्राच्या अभ्यासकास येथे 'उपाधी'चा प्रसिद्ध दृष्टांत आठवेल. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती निर्दोष. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, ही सदोष, कारण धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ती अट न सांगता केलेले अनुमान सोपाधिक, म्हणून अग्राह्य ठरते. 'सात पौंड दाब सुरक्षित आहे' हे विधान याच जातीचे. पेट्रोलचा ऑक्टेन, ठिणगीची वेळ, हवेचे तापमान, इंजिनाचे मूळ संपीडन-गुणोत्तर, या त्याच्या उपाधी. त्या वगळल्या म्हणजे विधान खोटे होते असे नव्हे. त्याचा खरेखोटेपणा ठरविण्याचे साधनच नाहीसे होते.

प्रचलित लेखनात या अटी मुळीच नसतात असा आरोप करणे अन्यायाचे होईल. अटी असतात, परंतु निराळ्या जागी आणि निराळ्या क्रियारूपात असतात. मराठी व्याकरणाने क्रियापदाचे चार अर्थ मानले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'पाऊस थांबला तर माणसे बाहेर पडतील' अशा वाक्यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असल्याचे सांगितले जाते, तो संकेतार्थ. किटच्या पुस्तिकेत मुखपृष्ठाजवळ 'इंजिनाची विश्वसनीयता कायम राहते' असा स्वार्थ असतो. आणि शेवटच्या पानांवर 'उच्च ऑक्टेनचे पेट्रोलच वापरा', 'तेल अधिक वेळा बदला', 'जोराने चालविल्यानंतर इंजिन एकदम बंद करू नका' असे आज्ञार्थ असतात. वस्तुतः ही दोन वाक्ये नव्हेत. ती एकाच वाक्याची दोन शकले आहेत. 'उच्च ऑक्टेनचे पेट्रोल वापरले, तेल वेळेवर बदलले, इंजिन निवू दिले, तरच विश्वसनीयता राहील' हे ते मूळ वाक्य. त्यातील 'तर' गळाले, आणि पूर्वार्ध सूचनांच्या यादीत जाऊन पडला. या क्रियेस संकेतार्थाचा लोप म्हणता येईल.

हा लोप केवळ शैलीचा दोष नाही. आज्ञा मोडली तर वाचक दोषी ठरतो. अट पुरी झाली नाही तर विधान मागे घ्यावे लागते. तेलाचे उदाहरण पाहावे. टर्बोचार्जराचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि पुष्कळ रचनांत तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. इंजिन एकाएकी बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो. परंतु तप्त चक्राची उष्णता दांड्याकडे वाहतच राहते. तेथे अडकलेले तेल करपून कोळशासारखे घट्ट होते, आणि पुढे बेअरिंगाला तेल मिळेनासे होते. बेअरिंगाच्या घराभोवती पाणी खेळविण्याची योजना केली म्हणजे हा धोका पुष्कळ कमी होतो, नाहीसा होत नाही. ही यंत्राची घडण आहे. तिला वापरणाऱ्याच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून मांडणे, म्हणजे अभियंत्याचे ओझे भाषेच्या साहाय्याने गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवणे होय.

४

अट गळाली म्हणजे काय होते याचा धडा खुद्द कारखान्यांनी घेतलेला आहे. १९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी टर्बोचार्जर असलेल्या मोटारी विक्रीस काढल्या. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरमध्ये इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर उतरविण्यात आले. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये मात्र ते १०.२५ इतके चढे ठेविले गेले, आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत सोडण्याची योजना झाली. या मिश्रणाला 'टर्बो-रॉकेट फ्लुइड' असे भपकेदार नाव होते. २१५ घन इंचांच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती, ही त्या काळी मोठीच गोष्ट. पण मिश्रणाची टाकी मालकाने भरावयाची होती, आणि अनेक मालकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी असता दाब रोखणारी यंत्रणा होती, तरी गाडी दोन वर्षांतच बंद झाली. रॉकेटाच्या नावाने विकलेला द्रव ही वास्तविक एक अट होती. नावाने ती अट झाकली आणि तिला अलंकाराचे रूप दिले.

१९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' आणली. तिच्या पुढच्या पट्टीवर गाडीचे नाव उलट्या अक्षरांत लिहिलेले होते. पुढे चालणाऱ्याने आपल्या आरशात ते सुलटे वाचावे, हा हेतू. त्या लेखनावर जर्मनीत टीका झाली, आणि त्याच वर्षीच्या तेलटंचाईमुळे अवघ्या १,६७२ गाड्या तयार होऊन उत्पादन थांबले. 'टर्बो' हा शब्द यंत्रभागाच्या नावावरून सामर्थ्याच्या घोषणेकडे कसा सरकला याचे हे बोलके उदाहरण आहे. आरशातील शब्द दुसऱ्यासाठी लिहिलेला होता. गाडीचे संपीडन-गुणोत्तर ६.९ इतके खाली आणलेले होते, ही मालकासाठी महत्त्वाची गोष्ट कोणत्याही पट्टीवर लिहिलेली नव्हती.

मागाहून जोडलेल्या टर्बोचार्जराचे उत्तम उदाहरण माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचे आहे. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दाखविलेल्या या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन अमेरिकेत ११६ अश्वशक्तीचे होते. त्याच कुळातील टर्बो इंजिन माझदाने आधीच आपल्या ३२३ जीटीएक्स या गाडीत वापरले होते. यावरून किटच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद रूढ झाला : कारखान्यानेच या इंजिनाला टर्बो दिला आहे, तेव्हा इंजिन तो सहन करते हे सिद्धच आहे. पण टर्बो इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर ७.९ होते, आणि एमएक्स-५ च्या इंजिनाचे ९.४. 'तेच इंजिन' या दोन शब्दांत सर्व हेत्वाभास सामावला आहे. कूळ एक असणे आणि व्यक्ती एक असणे यांतील भेद तेथे पुसला जातो. पुढे २००४ मध्ये माझदाने स्वतः १७८ अश्वशक्तीची टर्बो एमएक्स-५ काढली, तेव्हा इंटरकूलर तर दिलाच, शिवाय क्लच व चाकांपर्यंत शक्ती नेणारे भागही बळकट केले. कारखान्याचे हे कृत्य म्हणजे एक विधानच होय : वाढलेली शक्ती इंजिनापाशी थांबत नाही. ती क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक या सर्वांस आपापला हिस्सा मागते.

५

आता 'विश्वसनीयता' हा शब्दच पाहावयास हवा. अभियांत्रिकीत त्याची व्याख्या ठरलेली आहे : ठरावीक परिस्थितीत, ठरावीक कालपर्यंत, वस्तूने आपले नियत कार्य बिघाडाविना करण्याची संभाव्यता. या व्याख्येत चार पदे आहेत. वस्तू, कार्य, काल आणि परिस्थिती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे एकपदी विशेषण नव्हे, संबंधवाचक पद होय. 'मोठा भाऊ' म्हणताना कोणाहून मोठा हे जसे अध्याहृत असते, तसे 'विश्वसनीय इंजिन' म्हणताना किती काळ, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत हे अध्याहृत असते. प्रचलित लेखन ही पदे भरत नाही. लाल रंगासारखा एक गुण म्हणून विश्वसनीयतेचा उच्चार करिते.

मराठी व्यवहाराकडे पाहिले तर येथे एकच शब्द नाही, तीन आहेत. 'टिकाऊपणा' हा भागाचा गुण. तो झिजेशी निगडित. 'भरवसा' हा मालकाचा अनुभव; भरवशाची गाडी ती, जी सकाळी सुरू होते आणि संध्याकाळी घरी आणते. आणि 'हमी' ही विकणाऱ्याची कृती. गॅरेजमधील मराठी हा भेद नेमका पाळते. 'गाडीने काम काढले' या प्रयोगात कोणताही मोठा भाग मोडलेला असेलच असे नाही. नळी सुटली असेल, बोल्ट सैल झाला असेल, पण मालकाचा दिवस गेला. मागाहून जोडलेल्या टर्बोचार्जराची अनेक दुखणी याच स्वरूपाची असतात : उष्णतेने तडकणारी नळकांडी, ढिले होणारे जोड, झिरपणारे तेल, दाबाने निसटणाऱ्या रबरी नळ्या. पिस्टन अभंग राहिला म्हणून टिकाऊपणा सिद्ध होईल; भरवसा सिद्ध होत नाही. आणि नित्याच्या वापरातील गाडीबाबत मालकाला हवा असतो तो भरवसा.

तिसरा शब्द सर्वांत निसरडा. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविल्याप्रमाणे, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत; ती उच्चारणे हीच कृती असते. हमी ही अशी कृती आहे. 'हे इंजिन विश्वसनीय राहील' हे वाक्य ऐकणाऱ्यास हमीसारखे वाटते. लिहिणाऱ्याने मात्र ते वर्णन म्हणून लिहिलेले असते, आणि इंजिन बसल्यावर तो वर्णनाच्या आड उभा राहतो. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने उत्पादकास आपली हमी नाकारता येत नाही. परंतु बिघाड त्या भागामुळेच झाला असेल तर ती हमी त्यास लागू होत नाही. टर्बोचार्जर हा इंजिनाच्या प्रत्येक श्वासाला स्पर्श करणारा भाग असल्याने येथे कारणाचा वाद अटळ ठरतो. कॅलिफोर्नियातील हवा-मंडळाच्या आदेश-क्रमांकाची गोष्ट तशीच. तो मिळालेले किट कायद्याच्या प्रदूषणविषयक मनाईतून मुक्त होते, एवढाच त्याचा अर्थ. माहितीपत्रकात तो ठळक छापला की वाचक त्यास एकंदर गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजतो. भारतात तर प्रश्न याच्याही आधी उभा राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यावर निर्बंध घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला.

६

पुराव्याचा विचारही करावयास हवा. या लेखनातील पुरावा बहुधा आप्तवाक्याच्या रूपात येतो : अमक्याची गाडी इतके हजार मैल विनातक्रार चालली. असे वाक्य खोटे असण्याचे कारण नाही. पण ज्यांची इंजिने गेली ते बहुधा मूळ भाग परत बसवितात किंवा गाडी विकतात, आणि बोलणे थांबवितात. उरतात ते बोलणारे. तगलेल्यांच्या साक्षीवरून तगण्याचे प्रमाण काढता येत नाही. शिवाय 'हे इंजिन दहा पौंड सहन करते' अशी जातिवाचक वाक्ये एका अपवादाने खोटी पडत नाहीत. 'कुत्रा चार पायांचा असतो' हे वाक्य तीन पायांच्या कुत्र्याने खोटे पडत नाही तसे. परंतु गिऱ्हाईक जातीचे किट घेत नाही, एका गाडीसाठी घेते. आणि नेमकी ती गाडी अपवाद ठरू शकते.

यात आणखी एक साधे गणित आहे. एखाद्या रचनेत एकमेकांवर अवलंबून असे दहा नवे भाग आले, आणि प्रत्येक भाग ठरावीक काळ न बिघडता चालण्याची संभाव्यता ०.९९ धरली, तर दहाही भाग तसे चालण्याची संभाव्यता सुमारे ०.९० उरते, वीस भाग असतील तर ०.८२. प्रत्येक भाग उत्तम असूनही संपूर्ण रचना तेवढी उत्तम राहत नाही. 'प्रत्येक भाग तपासलेला आहे' या वाक्यावरून 'सर्व काही तपासलेले आहे' हे वाक्य निघत नाही.

समर्थकांचा सर्वांत सबळ युक्तिवाद मात्र मान्य करावयास हवा. पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांच्यावरील जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टर्बोने कमाल फेरे वाढत नसल्यामुळे हा भार वाढत नाही. वाढतो तो ज्वलनाच्या दाबाचा भार, आणि तो रॉडला ताणीत नाही, दाबतो. म्हणून तेवढीच शक्ती फेरे वाढवून मिळविण्यापेक्षा मर्यादित दाबाने मिळविणे यांत्रिक दृष्ट्या सौम्य असू शकते. हे खरे आहे. मात्र हा युक्तिवाद मोडण्याविषयी आहे. तापण्याविषयी तो काहीच सांगत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, रोजच्या वापरात पूर्ण दाब क्वचितच लागतो, म्हणून इंजिनावर विशेष ताण येत नाही. हेही खरे, परंतु त्याचा अर्थ एवढाच की, विकत घेतलेली शक्ती जोवर वापरली जात नाही तोवर ती निरुपद्रवी आहे.

आज कारखान्यातूनच टर्बो घेऊन येणारी लहान पेट्रोल इंजिने सर्वत्र दिसतात. भारतातही २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन तसेच आहे. त्यांच्या यशाचा दाखला मागाहून जोडलेल्या टर्बोस देणे हे मात्र केवळ नामसादृश्यावर विसंबणे होय. कारखान्याच्या इंजिनात पिस्टन, थंडावा, तेलाचा मार्ग, नॉकिंग ओळखणारे संवेदक आणि इंधनाचे नियमन हे सारे एका अटीभोवती प्रथमपासून आखलेले असते. तेथे संकेतार्थ धातूमध्ये उतरलेला असतो. म्हणून वाक्यातून तो गळाला तरी चालते. मागाहून केलेल्या जोडणीत तो धातूमध्ये नसतो. म्हणून वाक्यात तरी असावयासच हवा.

यावरून मागाहून टर्बोचार्जर जोडूच नये असा निष्कर्ष निघत नाही. जो मनुष्य अटी वाचतो, इंटरकूलर, इंधन व ठिणगी यांची व्यवस्था आधी करितो, दाब मर्यादित ठेवितो आणि गाडी अधूनमधून काम काढील हे गृहीत धरून चालतो, त्याचा व्यवहार सुज्ञपणाचाच म्हणावा लागेल. दोष त्याच्या कृतीत नाही, त्याला पुरविलेल्या वाक्यात आहे. ते वाक्य लिहावयाचे तर असे लिहावे : या इंजिनाला, या ऑक्टेनच्या पेट्रोलवर, या तापमानापर्यंत, ठिणगीची वेळ अशी ठेवली व तेल इतक्या मैलांनी बदलले, तर इतका दाब इतका काळ पेलेल अशी अपेक्षा आहे. हे वाक्य लांब आहे, ओबडधोबड आहे, आणि त्याने विक्री कमी होईल. परंतु त्यातील प्रत्येक पद तपासता येते. मराठीत तांत्रिक गद्य घडविताना 'रिलायबिलिटी' या शब्दास प्रतिशब्द मिळाला की काम झाले, असे मानले जाते. प्रतिशब्द आपल्याजवळ एकास तीन आहेत. उणीव आहे ती 'जर' आणि 'तर' या दोन लहान अव्ययांची. आणि ती भरून काढण्यास कोणत्याही परिभाषा-समितीची आवश्यकता नाही.